अंतराळवार्ता आणि लोकशिक्षण

अंतराळाविषयींचें लेखन हा आतां वृत्तपत्रांतील एखाद्या कोपऱ्याचा विषय राहिलेला नाहीं. १९६९ च्या जुलै महिन्यांत चंद्रावर मनुष्याचें पाऊल पडलें तेव्हां महाराष्ट्रांत दूरदर्शन नव्हतें. मुंबईचें केंद्र सुरू होण्यास १९७२ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. त्या काळच्या मराठी माणसास ती हकीकत आकाशवाणीवर ऐकावी आणि छापील अक्षरांत वाचावी लागली. उलट २०२३ च्या ऑगस्टमध्यें चांद्रयान-३ चंद्रावर उतरलें तेव्हां इस्रोच्या वाहिनीवरील प्रक्षेपण एकाच वेळीं पाहणाऱ्यांची संख्या ऐंशी लाखांच्या घरांत गेली होती. पाहण्याची सोय अशा रीतीनें अमर्याद वाढली. पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ कळण्याची सोय त्या मानानें वाढली आहे काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्ही विचारार्थ घेत आहों.

अंतराळवार्तेचें परीक्षण शास्त्रज्ञानें करावें, साहित्याच्या मासिकास त्याचें काय प्रयोजन, अशी शंका कोणी घेईल. तिला आमचें उत्तर असें कीं, सामान्य वाचकापर्यंत जें पोहोंचतें तें शास्त्र नव्हे, शास्त्राविषयींचें गद्य होय. त्या गद्यांतील शब्द, उपमा व कथनाची मांडणी हीं सदोष असतील तर मूळ शास्त्र कितीहि निर्दोष असलें तरी वाचकाच्या पदरीं दोषच पडतो. आणि गद्याच्या गुणदोषांचा विचार हें तर टीकेचें नित्याचें काम आहे.

अशा लेखनास कसोटी कोणती लावावी? अचूकपणा ही पहिली अट खरी, पण ती पुरेशी नाहीं. आंकड्यांनीं ठासून भरलेला आणि प्रत्येक आंकडा बरोबर असलेला मजकूर वाचूनहि वाचक होता तेथेंच राहूं शकतो. वाचकास आनंद व्हावा हें दुसरें मत. परंतु आनंद शोभेच्या दारूनेंहि होतो. आम्हांस योग्य वाटणारी कसोटी अशी: आजची वार्ता वाचून संपविल्यावर उद्यांची वार्ता स्वतःच्या बुद्धीनें पारखण्याचें सामर्थ्य वाचकास आलें काय? आलें असेल तर तें लोकशिक्षण. नसेल तर ती नुसती वर्दी. ही कसोटी हातीं घेऊन अलीकडील अंतराळवार्तेकडे पाहूं.

प्रथम शब्दांचा विचार करूं. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं सायंकाळीं सहा वाजून चार मिनिटांनीं विक्रम हें अवतरणयान चंद्रपृष्ठास टेकलें आणि भारत चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर पोहोंचला, अशा आशयाचे मथळे सर्वत्र झळकले. वस्तुतः विक्रम ज्या स्थळीं उतरलें तें दक्षिण अक्षांश ६९ च्या किंचित् पलीकडे आहे. ध्रुव तेथून सव्वासहाशे किलोमीटरांच्या आसपास दूर राहतो. पृथ्वीवर नॉर्वे देशांतील ट्रॉम्सो हें शहर उत्तरेस साधारण याच अक्षांशावर वसलें आहे. त्या शहरीं जाऊन आलेल्या गृहस्थानें आपण उत्तर ध्रुव पाहून आलों असें सांगितलें तर आपण त्याच्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहूं? चंद्राच्या दक्षिणेस इतक्या दूर तोंवर कोणतेंहि यान अलगद उतरलें नव्हतें, हें सत्य होतें. आणि तेवढें सत्य अभिमानास पुरून उरणारें होतें.

कोणी म्हणेल, ही अक्षांशांची घासाघीस कशाला? तर 'ध्रुवावर' या एका शब्दानें होणारी हानि पुढील बातमीच्या वेळीं दिसून येते म्हणून. चंद्राचा अक्ष जवळजवळ सरळ उभा असल्यामुळें ध्रुवाशीं सूर्य क्षितिजाच्या कांठाकांठानेंच फिरतो. तेथील कित्येक खोल विवरांच्या तळाशीं सूर्यकिरण कधींच पोहोंचत नाहींत, आणि त्या कायमच्या सावलींत पाण्याचें बर्फ टिकून राहिलें असल्याचे पुरावे मिळालेले आहेत. ध्रुवाचें सारें महत्त्व या सावलींत आहे. हें ज्यास कळलें त्यास, २०२४ च्या फेब्रुवारींत एक अमेरिकन खासगी यान ८० अंश दक्षिणेच्या सुमारास उतरून कलंडलें, ही बातमी अर्थपूर्ण वाटेल. उतरण्याचें स्थळ ध्रुवाकडे का सरकत आहे तें तो ओळखील. ध्रुव आधींच सर झाला असें ज्यास सांगण्यांत आलें आहे त्यास मात्र, जग पुन्हां पुन्हां तिकडेच का धांवतें, हें कोडेंच राहणार.

दुसरा शब्द 'चंद्राची अंधारी बाजू' हा. ३ जानेवारी २०१९ रोजीं चीनचें चांगई-४ हें यान आपणांस कधींहि न दिसणाऱ्या चंद्रार्धावर उतरलें, तेव्हां हा शब्दप्रयोग इंग्रजींतून जसाच्या तसा उचलण्यांत आला. घरोघरीं पंचांग असलेल्या समाजांत तरी असें व्हावयास नको होतें. अमावास्येस चंद्राची आपल्याकडील बाजू काळोखांत असते याचा अर्थच असा कीं, त्या वेळीं पलीकडील बाजूवर भर दुपार असते. सुमारें चौदा दिवस ऊन आणि तितकेच दिवस रात्र हा क्रम दोन्ही बाजूंस सारखाच आहे. पलीकडील बाजू दिसत नाहीं याचें कारण निराळें. देवाकडे सतत तोंड ठेवून जो प्रदक्षिणा घालतो त्याची पाठ देवास कधीं दिसत नाहीं, तथापि एका प्रदक्षिणेंत तो स्वतःभोंवतींहि एकदां फिरलेला असतो. चंद्राचें तसेंच आहे. ती बाजू पृथ्वीच्या आड असल्यामुळें तिच्याशीं थेट रेडिओसंपर्क होऊं शकत नाहीं, आणि म्हणूनच चीननें मे २०१८ मध्यें निरोप्याचें काम करणारा एक उपग्रह आधींच धाडून ठेवला होता. 'अंधारी' न म्हणतां 'पलीकडील' म्हटलें असतें तर निरोप्याची गरज वाचकास न सांगतां कळली असती.

तिसरें उदाहरण याहूनहि परिचयाचें आहे. २०२५ च्या जून-जुलैंत शुभांशु शुक्ल हे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकांत राहून आले. त्या निमित्तानें 'जेथें गुरुत्वाकर्षण नाहीं अशा ठिकाणीं' हें वाक्य आम्हीं कितीदां वाचलें याची गणती नाहीं. हें स्थानक भूपृष्ठापासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर फिरतें. तितक्या उंचीचा मनोरा बांधून ६० किलो वजनाच्या मनुष्यास त्याच्या शेंड्यावर स्प्रिंगच्या काट्यावर उभें केलें तर कांटा ५३ किलो दाखवील. म्हणजे तेथेंहि गुरुत्वाकर्षण शेकडा ८८ च्या वर आहे. स्थानकांतील माणसें तरंगतात तीं ओढ नाहीं म्हणून नव्हे, तर तीं व त्यांचें घर हीं दोन्ही एकाच गतीनें पडत आहेत म्हणून. सेकंदास साडेसात किलोमीटरांहून अधिक असलेल्या आडव्या वेगामुळें हें पडणें पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत जातें आणि जमीन कधीं गांठलीच जात नाहीं. गुरुत्वाकर्षण खरोखरीच नसतें तर तें स्थानक सरळ रेषेंत निघून गेलें असतें. म्हणजे जी गोष्ट समजावून द्यावयाची तिच्या नेमकें उलट वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या कानीं घालीत आहों.

शब्दांकडून उपमांकडे वळूं. सामान्यांसाठीं लिहिणाऱ्यास उपमेवांचून गत्यंतर नाहीं हें आम्हांस मान्य आहे. आतांच आम्हीं प्रदक्षिणेचा आश्रय केला. परंतु उपमेचा धर्म प्रकाश देण्याचा आहे, टाळी घेण्याचा नव्हे. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजीं मंगळाच्या कक्षेंत शिरलें. त्या मोहिमेचा खर्च सुमारें ४५० कोटि रुपये. त्यास प्रवासाच्या सुमारें ६५ कोटि किलोमीटरांनीं भागून, मंगळाची वाट रिक्षाच्या भाड्याहून स्वस्त पडली, अशी उपमा निघाली आणि ती फार लोकप्रिय झाली. ती ऐकून हंसूं येतें, अभिमानहि वाटतो. पण ती शिकविते काय? रिक्षास प्रत्येक किलोमीटरास इंधन लागतें. यानाचें इंधन मुख्यत्वें पृथ्वीच्या ओढींतून सुटतांना व मंगळापाशीं वेग आवरतांना खर्च होतें. मधला बहुतेक प्रवास, मार्गांतील किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर, तें इंजिन बंद ठेवून सूर्याभोंवतींच्या कक्षेंत नुसतें वाहत जातें. अंतर दुप्पट झालें म्हणून खर्च दुप्पट होत नाहीं. रिक्षाच्या उपमेनें नेमकी हीच गोष्ट झांकली जाते, आणि अंतराळप्रवास म्हणजे फार लांबचा रस्ता एवढीच समजूत दृढ होते. चांगली उपमा वाचकास एक पायरी वर नेते. वाईट उपमा त्याला होता त्याच पायरीवर सुखानें बसविते.

आतां कथनाच्या मांडणीकडे येऊं. कारण आमचा मुख्य आक्षेप तेथेंच आहे. अंतराळवार्तेची ठराविक मांडणी विजय किंवा पराजय या दोनच शब्दांभोंवतीं फिरते. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहांटे चांद्रयान-२ च्या विक्रमशीं असलेला संपर्क तुटला. दुसऱ्या दिवसापासून इस्रोच्या प्रमुखांच्या डोळ्यांतील अश्रूंचें छायाचित्र घरोघरीं पोहोंचलें. त्या क्षणाची करुणा खरी होती आणि तिच्याविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु करुणेच्या पाठोपाठ जो प्रश्न यावयास हवा होता, 'झालें तरी काय?', तो फार थोड्या ठिकाणीं उमटला. एकीकडे मोहिमेचीं ९० ते ९५ टक्के उद्दिष्टें साध्य झाल्याचें निवेदन छापलें जात होतें, दुसरीकडे सगळें संपलें असा सूर होता. आणि परिभ्रमण करणारें यान सुस्थितींत असून त्याचें काम चालू राहणार आहे, ही दोहोंचा मेळ घालणारी गोष्ट वाचकास सावकाश बसवून कोणीं सांगावयाची, हें ठरलेंच नव्हतें.

त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत संसदेस दिलेल्या लेखी उत्तरांत पहिला खुलासा आला. तीस किलोमीटर उंचीपासून ७.४ किलोमीटरांपर्यंतचें अवतरण ठरल्याप्रमाणें झालें व वेग सेकंदास १६८३ मीटरांवरून १४६ मीटरांवर आला. त्यापुढील टप्प्यांत वेगाची घट योजिल्याहून अधिक झाली, आणि यान नियोजित स्थळापासून ५०० मीटरांच्या आंत आदळलें. वेग अधिक घटला म्हणून यान आदळलें, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें, आणि जिज्ञासेचा दरवाजा नेमका येथेंच उघडतो. परंतु त्या दरवाजाशीं थांबण्यास तोंवर कोणास सवड राहिली नव्हती. पुढें २०२३ च्या जुलैंत, नव्या मोहिमेच्या तोंडावर, इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनीं ती गोष्ट साध्या भाषेंत उलगडली. पांच इंजिनांचा रेटा अपेक्षेहून अधिक पडला व त्यामुळें चुका सांचत गेल्या. त्या दुरुस्त करण्यास यानास फार त्वरेनें वळावें लागलें, पण वळण्याच्या गतीवर संगणकाच्या आज्ञावलीनें मर्यादा घातलेली होती. शिवाय उतरण्यास नेमून दिलेली जागा अवघी ५०० मीटर लांब व ५०० मीटर रुंद. ती गांठण्याच्या प्रयत्नांत यानाचा वेग जमिनीजवळ वाढत गेला.

हीं तीन कारणें एकदां समजलीं कीं, चांद्रयान-३ ची रचना गोष्टीप्रमाणें वाचतां येते. पांचांऐवजीं चार इंजिनें, अधिक इंधन, अधिक मजबूत पाय, वेग मोजणारें नवें लेसर उपकरण, आणि उतरण्यास सुमारें ४ किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद असा प्रशस्त प्रदेश. यशाच्या मार्गाची आंखणी करण्याऐवजीं काय काय बिघडूं शकेल याची यादी करून त्याप्रमाणें यान घडविलें, असें तेथील शास्त्रज्ञांनींच सांगितलें. एका राष्ट्राच्या बौद्धिक चरित्रांत याहून उदात्त प्रकरण क्वचितच सांपडेल. तथापि २३ ऑगस्टच्या बहुतेक कथनांत २०१९ चा उल्लेख पुसलेल्या कलंकासारखा आला. ज्या अपयशाच्या खांद्यावर तें यश उभें होतें त्याला कलंक म्हणणें हा अन्यायच नव्हे तर घोर अज्ञान होय. या मांडणीनें शिकलेला मुलगा असें शिकतो कीं, बुद्धिमान माणसें दुसऱ्या खेपेस चुकत नाहींत; शिकावयाचें होतें तें हें कीं, चूक कोठें झाली तें शोधून काढण्याची शिस्त ज्यांच्याजवळ आहे त्यांस दुसरी खेप लाभते.

या संदर्भांत अमेरिकेंतील एक प्रसंग विचारांत घेण्याजोगा आहे. २८ जानेवारी १९८६ रोजीं चॅलेंजर हें यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनीं नष्ट झालें व सातहि प्रवासी प्राणांस मुकले. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ नांवाची एक शाळाशिक्षिका होती. अंतराळांतून तिनें मुलांस पाठ द्यावा अशी योजना होती. तो पाठ कधींच झाला नाहीं. परंतु पुढील महिन्यांत चौकशी मंडळाच्या उघड्या बैठकींत रिचर्ड फाइनमन या पदार्थवैज्ञानिकानें दुसरा एक पाठ दिला. अग्निबाणाच्या सांध्यांत बसविलेल्या रबरी कड्याचा तुकडा त्यानें चिमट्यांत दाबून बर्फाच्या पाण्यांत बुडविला, आणि बाहेर काढून मोकळा केल्यावर तो चटकन् पूर्ववत् फुगत नाहीं हें सर्वांस दाखविलें. उड्डाणाच्या दिवशीं कडाक्याची थंडी होती. पेल्यांतील पाणी, रबराचा तुकडा आणि चिमटा एवढ्या सामग्रीनें त्या दिवशीं जें लोकशिक्षण झालें तें शेंकडों गौरवलेखांनीं झालें नसतें. त्यानें कोणाचें सांत्वन केलें नाहीं, कोणास दूषणहि दिलें नाहीं, कारण दाखविलें. शोकाकुल समाजास कारण दाखविणें हाहि त्याचा मान राखण्याचाच एक प्रकार आहे.

यावर वार्ताहरांच्या बाजूनें जें बोलतां येईल तें आम्ही जाणतों. त्यांस रात्रींच्या आंत मजकूर द्यावयाचा असतो, जागा थोडी, आणि मूळ निवेदन बहुधा इंग्रजी. शिवाय वाचकास कारणें नकोत, उत्सव हवा, असेंहि म्हटलें जातें. पहिल्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या पहिल्या दिवसापुरत्या. दुसऱ्या आठवड्यांत, दुसऱ्या महिन्यांत घाई कसली? चांद्रयान-३ च्या उपकरणानें चंद्राच्या मातींत अवघ्या आठ सेंटिमीटर खोलीशीं तपमान शून्याखालीं दहा अंश आणि पृष्ठावर पन्नास अंशांच्या वर असल्याचें दाखविलें. वीतभर मातींत साठ अंशांचा फरक! आपल्याकडे विहिरीच्या गारव्याचा अनुभव असलेल्या कोणत्याहि शेतकऱ्यास यांतील नवल कळलें असतें, आणि हवा नसलेल्या जागीं सुकी भुकटी उष्णता किती अडविते हेंहि त्या ओघांत सांगतां आलें असतें. तो आंकडा छापला गेला. त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणीं अनुच्चारितच राहिला. वाचकास अर्थ नको असतो हें मत, वाचकास अर्थ देऊन पाहिल्यावांचून बनविलेलें आहे.

मराठीला ही वाट नवी नाहीं हें तर विशेष. मुरूडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'ज्योतिर्विलास' लिहिलें. 'रात्रीची दोन घटका मौज' असें त्याचें दुसरें नांव ठेवण्यास त्या व्यासंगी पंडितास संकोच वाटला नाहीं. भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास रचणारा मनुष्य सामान्य वाचकास हाताशीं धरून अंगणांत नेतो, आणि तरीहि शास्त्र पातळ करीत नाहीं, हें आमच्या भाषेंत घडून गेलेलें आहे. आपल्या काळांत जयंत नारळीकरांनीं तीच परंपरा निराळ्या अंगानें चालविली. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनीं 'कृष्णविवर' ही कथा टोपणनांवानें धाडली व ती पहिली आली. पुढें 'यक्षांची देणगी' व 'आकाशाशी जडले नाते' हीं पुस्तकें घरोघरीं वाचलीं गेलीं. त्यांच्या कथांतील पात्रें कधीं कधीं कल्पना वाहून नेणारे हमाल वाटतात, असा आक्षेप ललितदृष्ट्या घेतां येईल, आणि तो सर्वस्वीं निराधार नाहीं. परंतु स्पष्टीकरणाच्या गद्यांत त्यांच्या तोडीचा लेखक आधुनिक मराठींत आम्हांस दिसत नाहीं. ज्ञात कोठें संपतें व तर्क कोठें सुरू होतो ती रेषा ते वाचकास दाखवून देतात, आणि वाचक तिच्या अलीकडे आहे म्हणून त्यास कमी लेखीत नाहींत. मे २०२५ मध्यें ते निवर्तले. त्यांच्या गौरवाचे लेख पुष्कळ आले. त्यांच्या गद्याची शिस्त आपलीशी करणारे लेख त्या मानानें थोडे आहेत.

हा आग्रह केवळ भाषाशुद्धीसाठीं नाहीं. या मोहिमा लोकांच्या पैशांवर चालतात, आणि लोकांच्या धीरावरहि चालतात. समजुतीवांचून उसळलेला अभिमान पुढील अपघाताबरोबर लज्जेंत बदलतो, आणि लज्जित झालेला समाज शास्त्रज्ञांकडे कारणें मागत नाहीं, बळी मागतो. २०२४ च्या सप्टेंबरांत केंद्रीय मंत्रिमंडळानें चांद्रयान-४ ला मान्यता दिली. चंद्रावरील माती पृथ्वीवर आणावयाची हें त्या मोहिमेचें उद्दिष्ट; म्हणजे उतरणें, पुन्हां वर उठणें, कक्षेंत दुसऱ्या यानाशीं जोडलें जाणें आणि तीव्र उष्णता सोशीत परतणें, इतकीं कामें एकामागून एक साधावयाचीं. यांपैकीं प्रत्येक काम बिघडूं शकतें, आणि कसें बिघडूं शकतें हें उड्डाणाच्या दिवशीं नव्हे, आजपासून सांगण्यास प्रारंभ केला पाहिजे. आमच्या संपादकांनीं त्यासाठीं आठवड्यास एक स्तंभ राखून ठेवावा; त्यांत एका वेळीं एकच प्रश्न घ्यावा, उत्तर मराठींत विचार करून लिहावें, आणि उत्तर अद्याप कोणासच ठाऊक नसेल तर तसें स्वच्छ म्हणावें. एवढें झालें तर तें यान कोठें अडखळलेंच तरी वाचक वृत्तपत्र उघडील तो कोण रडलें हें पाहण्यासाठीं नव्हे, कोणता सांधा निसटला हें पाहण्यासाठीं.